रुमालाखालचा हिरवा लाइट

काकूंनी दार उघडलं ते अर्धंच. एक हात कडीवर, नजर माझ्या बॅगेवर.

"नेट बराबर चालू आहे. तुले कोणी बोलावलं?"

"कोणी नाही काकू. असंच लाइन चेक कराले आलो."

"असंच? मागच्या पावसाळ्यात बंद होतं तवा किती फोन केल्ते मी. तवा नाही आला तू असंच."

मुद्दा बिनतोड होता. नेर गावात माझा इंटरनेटचा धंदा आहे, त्याआधी केबलचा होता. आमच्या धंद्यात न बोलावता कोणी कोणाच्या घरी जात नाही. बोलावल्यावरही उशिराच जातो. त्यामुळे काकूंना संशय आला यात त्यांची काही चूक नाही. संशय मलाही होता, आणि तो त्यांच्यावरच होता.

झालं असं की सकाळी वरच्या कंपनीच्या साहेबांचा अमरावतीहून फोन आला. वरची कंपनी म्हणजे आम्ही जिच्याकडून इंटरनेट घाऊक घेतो ती. आम्ही गावात वायर टाकून तेच घरोघरी किरकोळ विकतो. किराणा दुकानासारखंच आहे.

"दिलीपजी, तुमच्या एका कस्टमरच्या लाइनीवरून लोकांच्या अकाउंटमध्ये घुसायचा प्रयत्न चाललाय. पासवर्ड लावून लावून बघतायत. कंप्लेंट वरून आली आहे."

"कोण कस्टमर?"

त्यांनी नाव सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, ती बाई सत्तरीची आहे. एकटी राहते. तिच्या मोबाइलचा पासवर्डसुद्धा मी लावून दिला."

"मग तुमच्यावरच संशय घ्यायचा का?"

हा विनोद होता की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

"संध्याकाळपर्यंत कारण शोधा," साहेब म्हणाले. "नाहीतर लाइन बंद, आणि नाव सायबर पोलिसांकडे."

इथे थोडं समजावून सांगतो. प्रत्येक कनेक्शनला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी म्हणतात. तुम्ही मोबाइलवर काहीही उघडा, समोरच्याला तो पत्ता दिसतो. पत्त्यावरून घर कोणाचं ते निघतं. घरात कोण बसून काय करतंय, ते निघत नाही. म्हणून पोलीस आधी घरमालकाच्या दारात येतात. आणि आमच्या गावात कोणाच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली, की ती का उभी होती हे नंतर कोणी विचारत नाही. उभी होती, एवढंच लक्षात राहतं. काकूंचे यजमान तहसीलमध्ये नाझर होते, म्हणजे पैशाअडक्याचा हिशेब बघणारे. सगळी नोकरी संपेपर्यंत कोणाचा फुकट चहा प्यायले नाहीत म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण म्हणतात. ते गेले, आणि त्यांच्या मागे काकूंकडे शेती आहे ती ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दिलेली, आणि घराचं नाव. ते नाव आज संध्याकाळी पोलिसांच्या कागदावर चढणार होतं.

माझा स्वभाव संशयी आहे. जन्मानं नव्हता, केबलनं केला. एका घरानं कनेक्शन घ्यायचं आणि गच्चीवरून शेजारच्या चार घरांना वायर सोडायची, हे मी इतक्यांदा पकडलं आहे की आता कोणी नमस्कार केला तरी मी आधी त्याच्या गच्चीकडे बघतो. वायफाय आल्यापासून तर वायरही लागत नाही. मला वाटलं, काकूंनी पासवर्ड वाटला असणार.

निघण्याआधी मी दुकानात त्यांचा ग्राफ उघडून पाहिला होता. कोणत्या लाइनीवरून किती डेटा गेला-आला, ते आम्हाला दिसतं. खाली येतो तो डाउनलोड, म्हणजे तुम्ही जे बघता ते. वर जातो तो अपलोड, म्हणजे तुम्ही जे पाठवता ते. मालिका बघणाऱ्या एकट्या बाईचा वर जाणारा डेटा नसल्यातच जमा असायला पाहिजे. काकूंचा जेवढा खाली येत होता, तेवढाच वर जात होता. आणि चोवीस तास. माणूस झोपला की त्याचा ग्राफही झोपतो. हा झोपतच नव्हता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

तर मी आत गेलो. दुपारची वेळ, उन्हामुळे खिडक्या लावलेल्या. वर पंखा फिरत होता.

"काकू, वायफायवर काय काय चालते तुमच्या घरी?"

"मोबाइल अन् टीव्ही. अजून काय चालन?"

"शेजारी कोणाले पासवर्ड दिला?"

"मी कायले देऊ? शेजारणीच्या घरी माही डब्याची वाटी गेली ते अजून वापस नाही आली."

हे मला पटलं. मी राउटरला लॅपटॉप जोडला. राउटर म्हणजे तो दोन अँटेनांचा पांढरा डबा, घरातल्या सगळ्यांना नेट वाटून देणारा. त्यावर कोण कोण जोडलेलं आहे ते दिसतं. मोबाइल दिसला. टीव्ही दिसला. आणि तिसरं काहीतरी दिसलं. त्याला नाव नव्हतं.

"तीन दिसून राह्यले काकू."

"तुहं मशीन खोटं असन."

"मशीन कायले खोटं बोलन?"

"मंग मी बोलून राह्यली का?"

काकू शोकेसला पाठ लावून उभ्या होत्या. मी बसा म्हटलं तर म्हणाल्या, मी उभीच बरी. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी बाई. मला ते खटकलं, पण बाईमाणसाला बाजूला हो कसं म्हणायचं?

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. आतल्या खोलीतला फ्रीज थांबला. खोलीत अंधारल्यासारखं झालं. काकूंनी वर पंख्याकडे पाहिलं नाही. त्या झटकन मागे वळल्या आणि त्यांनी शोकेसकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. काकूंच्या मुलाच्या, प्रशांतच्या, शाळेतल्या बक्षिसाच्या कपांच्या रांगेत एक क्रोशाचा रुमाल होता. त्याच्याखाली एक हिरवा लाइट लुकलुकत होता.

त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे हे मला माहीत होतं. राउटर त्याच्यावरच चालू होता.

"काकू, इन्व्हर्टरवर पंखा नाही?"

"नाही."

"फ्रीज?"

"फ्रीजनं बॅटरी लवकर उतरते."

"मंग इन्व्हर्टर कायले घेतला?"

त्या रुमालापुढे सरकल्या. मी म्हटलं, "रुमाल उचलतो."

"हात नको लावू."

त्यांनी स्वतःच उचलला. खाली काळा, साबणाच्या वडीएवढा एक डबा होता. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं. काकू खुर्चीवर बसल्या आणि मग सगळं सांगू लागल्या.

प्रशांत त्यांचा एकुलता मुलगा. जर्मनीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी आला होता तेव्हा हा डबा बसवून गेला. तिकडे आपले चॅनल दिसत नाहीत, या डब्यानं दिसतात, असं त्यानं आईला सांगितलं होतं. "अन् म्हणे, दिलीपभाऊले सांगू नको. केबलवाला आहे, काढून टाकीन."

म्हणजे मी लोकांवर घेतो तसाच संशय दोन वर्षं या घरात माझ्यावर घेतला जात होता. मला राग यायला पाहिजे होता. पण सांगितलं असतं तर मी खरंच काढला असता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

प्रशांतचं म्हणणं अर्धं खरं होतं. टीव्हीवरचे कार्यक्रम दाखवायचे हक्क देशाप्रमाणे विकलेले असतात. आपल्या चॅनलचं ॲप परदेशात उघडलं की ते आधी पत्ता बघतं. जर्मनीचा पत्ता दिसला की बरंचसं लागत नाही. मग लोक पळवाट काढतात. भारतातल्या एखाद्या पत्त्यावरून वळसा घालून जातात, म्हणजे ॲपला वाटतं की माणूस नेरमध्येच बसला आहे. हा डबा प्रशांतला आईच्या घरचा पत्ता वापरायला देत होता.

"कितीले घेतला?" मी विचारलं.

"एकदाच पैसे दिले. महिन्याले काही नाही म्हणे."

इथे माझा संशय पक्का झाला. महिन्याला काही न घेता असा डबा चालवणारा काय खाऊन जगतो? तो काकूंचा पत्ता विकून जगतो. ज्याला दुसऱ्याच्या पत्त्याआड लपून काही करायचं आहे, त्याला तो भाड्यानं देतो. प्रशांत ज्या दारातून आत आला, त्याच दारातून डबा विकणाऱ्यानं ओळख नसलेले शेकडो लोक आत घेतले होते.

"हा काढाले लागन काकू."

"नाही."

"पोलिसाची भानगड आहे."

"असू दे. माहं ऐक आधी." त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. "रात्री रुमाल उचलून पाहते. हा लाइट लुकलुकते ना, तवा मले समजते. पोट्टा ड्युटीवरून घरी आला, टीव्ही लावून बसला. मंग मीबी माहं ताट वाढते अन् टीव्ही लावते. जे तो पाहते तेच मी पाहते. फोन कराले त्याले टाइम नसते. रविवारी करते, तेबी घाईघाईनं. पण टीव्ही पाहते ना रोज."

इन्व्हर्टर कशाला होता, ते मला आत्ता समजलं. उन्हाळ्याच्या दिवसात ही बाई वारा न घेता घामात बसत होती, कारण लाइट गेली तर तिकडे पोराची मालिका अर्धी राहील.

मला वाटलं, निदान यांना एवढं तरी दाखवू की डब्यात तुमचा मुलगाही आहे, पण चोरही आहेत. डब्यातून कुठं कुठं जाणं-येणं झालं, ते मी लॅपटॉपवर काढलं. दुकानांच्या साइट होत्या, बँकांच्या होत्या, लॉगिनची पानं होती. मी टीव्ही शोधत बसलो. जेवढं जुनं साठलेलं होतं तेवढं सगळं चाळलं. चॅनलचं एकही नाव नव्हतं.

मी व्हरांड्यात जाऊन प्रशांतला फोन लावला.

"दिलीपभाऊ? आईला काय झालं?"

"आईले काही नाही. तुह्या डब्याबद्दल बोलतो."

"कोणता डबा?"

"शोकेसमधला."

"तो अजून चालू आहे?" तो हसला. "भाऊ, ते ॲप मी मागच्या वर्षीच काढून टाकलं. सारखं अडकायचं. नोकरी बदलल्यापासून टीव्हीला वेळही नाही. आईला सांगायचं राहिलं बहुतेक."

"राह्यलंच."

"मग काढून टाका ना. काही प्रॉब्लेम आहे का?"

मला राग आला. मी चोरांवर रागावत नाही, त्यांचा तो धंदाच आहे. याच्यावर रागावलो.

"प्रॉब्लेम आहे. तुह्या डब्यातून लोक चोऱ्या करून राह्यले, ते मी पाहून घेतो. दुसरा प्रॉब्लेम तुहा आहे. तुही आई तो लाइट पाहून ताट वाढते. लुकलुकला की तिले वाटते तू घरी आला."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"हे तिनं मला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तूबी नाही सांगतलं."

मी आत आलो तेव्हा लाइट आली होती. काकू रुमाल हातात घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणे?"

"काढून टाका म्हणे."

"पण रोज तर लुकलुकते."

"ते दुसरे लोक आहेत काकू. चोर आहेत."

"चोर," त्या म्हणाल्या. रुमाल मांडीवर ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मी पंखा बंद करून चोराले लाइट देऊन राह्यली होती." आणि मग, "अन् प्रशांत?"

"तोबी पाहे अधूनमधून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाझराच्या घरात राहून माणसाला खोटा दाखला ओळखता येत असावा.

"केबलवाला असून तुले नीट खोटंबी नाही बोलता येत, दिलीप."

त्या उठल्या, डब्याचा प्लग स्वतः ओढला आणि डबा माझ्या बॅगेत टाकला. रुमालाची घडी घालून तो परत कपांच्या बाजूला ठेवला. मला फार वाईट वाटलं. इतके चोर पकडले, पण पकडल्यावर वाईट असं कधी वाटलं नव्हतं. मी राउटरचा पासवर्ड बदलला, इन्व्हर्टरवर पंख्याची वायर घेतली आणि निघालो. चहा त्यांनी विचारला नाही, मीही थांबलो नाही.

साहेबांना फोन केला.

"कारण सापडलं साहेब. परदेशातून टीव्ही पाहायचा डबा होता. काढला."

"कोणाचा?"

"बाईच्या पोराचा."

"पोरगा सामील आहे का त्यात?"

"नाही साहेब. पोरगा तर त्यात नव्हताच."

साहेबांचं समाधान झालं. लाइन बंद झाली नाही, नावही कुठं गेलं नाही. डबा माझ्या दुकानात आहे, स्क्रू काढलेला.

काकूंचा ग्राफ मी अजून बघतो. एकदा लागलेली खोड जात नाही. संध्याकाळी मालिकेपुरता डेटा खाली येतो. वर काहीच जात नाही. फक्त रविवारी थोडा चढतो, तो प्रशांतचा व्हिडिओ कॉल. असं बरेच दिवस चाललं. मग एका बुधवारी भरदुपारी बघतो तर ग्राफ वर चढलेला. मला लगेच शंका आली. दुसरा डबा आणला की काय? बॅग उचलली आणि गेलो.

त्यांच्या गल्लीत लाइट नव्हती. काकूंनी दार उघडलं ते अर्धंच.

"नेट चालू आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घडीभरानं ये. पोट्टा बोलून राह्यला."

दाराच्या फटीतून दिसलं, आत पंखा फिरत होता. मोबाइल शोकेसमध्ये, कपांना टेकवून उभा केलेला होता.

धंद्यातला माणूस म्हणून एवढंच सांगतो. लाइट लुकलुकतो याचा अर्थ लाइन चालू आहे, बाकी काही नाही. पलीकडे कोण आहे, ते त्याचा आवाज ऐकल्याशिवाय धरून चालू नये.