मामा-आत्यांची जपानी खानावळ

माझे सासरे हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन मी कसबा बावड्यातल्या या घरात आले, तेव्हा दोघांचा एक नेम होता. संध्याकाळी एका खानावळीवरची मराठी मालिका लावायची आणि ती संपेपर्यंत भांडायचं. आत्यांच्या मते ती खानावळवाली फार भोळी. मामा म्हणायचे, "भोळी न्हाय, मुरलेली हाय ती."

पुढे मामांना कमी ऐकू येऊ लागलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला, शेजारून तक्रार आली, मग तो खाली आणावा लागला. मामा विचारायचे, "काय म्हणाली?" आत्या ओरडून सांगायच्या, तोवर पुढचं बोलणं निघून गेलेलं असायचं. एका संध्याकाळी आत्या दमून म्हणाल्या, "काय न्हाय. सोडा की आता." त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मामा उठले, पेपर घेऊन अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले आणि मग रोज तिथंच बसू लागले. काही महिन्यांनी ती मालिकाही संपली. दोघांत उरलं ते 'जेवायला या' आणि 'गोळी घेतली का', एवढंच. माझा नवरा कानाच्या डॉक्टरांचं नाव काढायचा, तर मामा म्हणायचे, "माझं काय अडलंय?"

मला हॉस्टेलच्या दिवसांपासून ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं वेड. लग्नानंतर मी त्या मोबाइलवर, इअरफोन लावून, कपड्यांच्या घड्या घालता घालता बघायची. त्यातलीच एक मालिका एका बंदरावरच्या छोट्या खानावळीची होती. एक म्हातारी ती चालवते, कोळी येतात, जेवतात, आपापली दुखणी सांगतात. दुसऱ्याच भागात माझ्या मनात आलं, अरे, ही तर मामा-आत्यांची मालिका!

पण सांगायचं कसं? चार दिवस घुटमळले आणि एका रविवारी मामांजवळ जाऊन मोठ्यानं म्हणाले, "मामा, तुम्हाला ती खानावळवाली मालिका आवडायची ना? तसलीच एक आहे. जपानी. चित्रांची."

"कार्टून? मी काय बारकं पोरगं हाय व्हय?"

"एकच भाग बघा. नाही आवडला तर बंद करते."

माझं मन मोडायला नको म्हणून ते आत आले. मी मालिका टीव्हीवर लावली. बोलणं जपानीत, खाली इंग्रजी ओळी. मामांनी चष्मा चढवला. म्हातारी एका गिऱ्हाइकाला काहीतरी खोचक बोलली आणि मामा खो खो हसले. त्या विनोदाला, त्याच क्षणी. बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

"ह्यात माझ्यासारखीच समदी भैरी," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "तुला तरी कुठं जपानी कळतंय?"

आत्या मेथीची जुडी घेऊन दारात आल्या. "काय झालं एवढं हसायला?"

"बस की. सांगतो."

"मला कुठं इंग्रजी येतंय?"

"मी हाय की!"

आत्या मेथी निवडत बसल्या आणि मामा सांगू लागले. ओळी भराभर जायच्या, म्हणून थोड्या वेळानं मामांनी रिमोट स्वतःकडे घेतला. वाचायचं, थांबवायचं, सांगायचं. त्यांच्या तोंडून ती जपानी म्हातारी थेट पेठ वडगावच्या बाजारातली वाटायला लागली. "गप गिळ की, गार व्हायलंय!" मामा तिच्या वतीनं ओरडले. आत्यांनी मान हलवली. "अवो, रागानं न्हाय म्हणाली ती. तोंड बघा तिचं. काळजी लागलीया तिला." मामांनी मागं नेऊन ओळ पुन्हा वाचली. "व्हय गं," ते म्हणाले, "तसंच हाय." पडद्यावर माशाचं कालवण उकळू लागलं तेव्हा मी हळूच उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं मला दोघांची जुनी वादावादी ऐकू येत होती आणि भाकरी थापताना मला उगाच भरून आलं.

हळूहळू बोलणं मालिकेबाहेरही सांडलं. चहाच्या वेळी, अंगणात, झोपाळ्यावर. एकदा आत्याच मामांना म्हणाल्या, "कान दाखवून येऊ या. जपानी लोकांचा आवाज कसा हाय, ते तरी ऐका." आणि मामा गेले! कानात घालायचं यंत्र मिळालं. ते सुरुवातीला शिट्ट्या मारायचं, मामा वैतागायचे, काढून ठेवायचे. पण सकाळच्या वेळी तरी घालू लागले.

मग एका दुपारी आत्यांचा जयसिंगपूरच्या बहिणीशी फोन चालला होता. "तुला ती खानावळवाली आवडायची न्हवं? अगदी तसलीच हाय बघ. फक्त माणसं चितारल्याली." पलीकडून काहीतरी अडचण निघाली असावी, कारण आत्या म्हणाल्या, "मग हिकडं ये की. आमच्यात सांगणारा माणूस हाय."

मावशी पुढच्या रविवारी एसटीनं आल्या. मामांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि ते टीव्हीसमोर अशा थाटात बसले की जणू वर्गच घ्यायचाय. मावशींनी विचारलं, "पहिल्यापासनं दावणार न्हवं?"

"तर वो!" मामा म्हणाले आणि त्यांनी पहिला भाग लावला.