चार आठवडे की दहा महिने

मी अकरावीत असताना आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावून दोन अर्ज हातात दिले. दोन्ही एकाच संस्थेचे. एक दहा महिन्यांचा: जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्या शाळेत शिकायचं. दुसरा चार आठवड्यांचा: मे महिन्याच्या सुट्टीत कंबोडियातल्या एका खेड्यात जायचं, शाळा रंगवायची, मुलांना इंग्रजी शिकवायचं. निवड झाली तर खर्च संस्थाच करणार होती.

"भरायचा मात्र एकच," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी आणून दे."

तो गुरुवार होता.

आम्ही रोह्याला राहायचो. बाबा धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. आई हमरापूरची, लहानपणापासून गणपतीच्या कारखान्यात काम केलेली. कामाच्या दिवसांत ती अजूनही रोज सकाळची गाडी धरून तिकडे जायची. आमच्या घरातलं कोणी कधी विमानात बसलेलं नव्हतं.

वर्गातल्या मैत्रिणींनी पाच मिनिटांत निकाल लावला. चार आठवडे. फिरून होतं, चांगलं काम होतं, सर्टिफिकेट मिळतं आणि बारावी सुरू व्हायच्या आत माणूस परत. आईचंही तेच म्हणणं पडलं. "महिन्याभरात येशील घरी. पोरांना शिकवायचं, ते काय वाईट हाय?"

वाईट नव्हतंच. पण मी त्या अर्जावर नाव लिहायला घेतलं की हात थांबायचा, आणि तो का थांबतो हे मला ठाऊक होतं.

रोह्याला येण्याआधी आम्ही धरमतरच्या खाडीजवळ बाबांच्या गावात होतो. मी पाचवीत असताना आमच्या शाळेत परदेशातली आठ-दहा मुलंमुली आली. त्यांनी शाळेची मागची भिंत निळी रंगवली आणि तिच्यावर मासे काढले. त्यातली एक चेहराभर ठिपके असलेली मुलगी रोज माझ्याजवळ बसायची. मला इंग्रजी वाचता यायचं नाही आणि वर्गात मी तोंड उघडायची नाही. ती एका गोष्टीच्या पुस्तकातल्या शब्दांवर बोट ठेवायची, मी हळूहळू वाचायची. आम्ही निम्म्यावर आलो होतो. बाराव्या दिवशी त्यांनी केक कापला, आम्हाला मिठ्या मारल्या, त्यातल्या काही रडल्या आणि गाडीत बसून सगळे गेले. ती परत येणार नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारी मी शाळेच्या पायरीवर जागा धरून बसले. गुरुजींनी दोनदा हाक मारल्यावर आत गेले.

तिचा राग मला तेव्हाही आला नाही. पण तिच्या जागी मी जाऊन बसायचं, हे मला जमेना.

शुक्रवारी मॅडमच्या फोनवरून मी संस्थेच्या ऑफिसातल्या ताईंशी बोलले. विचारलं, "त्या शाळेत आमच्या आधी कोण शिकवतं?"

"आधीची बॅच."

"आणि आम्ही परत आल्यानंतर?"

"पुढची बॅच जाते."

"मग मुलं कुठवर शिकली, हे नव्या बॅचला कोण सांगतं?"

"असं कोणी नाही गं," त्या म्हणाल्या. "तिथले शिक्षक असतात, पण त्यांना वेळ नसतो." खोटं काहीतरी सांगून त्यांना मला गप्प करता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मला अजून त्यांचं कौतुक वाटतं.

शनिवारी मी आईबरोबर हमरापूरला गेले. कारखान्यात ती आखणीला बसली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत जोखमीचं काम. मी पलीकडे पाटावर बसून मूर्तीची धूळ पुसत होते. एक डोळा पुरा होईपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "आई, तुला आखणी यायला किती दिवस लागले?"

"दिवस? तीन वर्सं. पयल्या वर्षी मी नुसता रंग ढवळला."

"समज, कोणी बाहेरून महिन्याभरासाठी आलं. मनानं चांगलं. तर त्याला डोळे काढायला देशील?"

"नाय. पुसायला देईन."

"मग मी तिकडे जाऊन चार आठवड्यांत कुणाला काय शिकवणार? मलाच अजून काय येतं?"

आईनं ब्रश पाण्यात बुडवला. दुसऱ्या डोळ्याची रेघ ओढून झाल्यावर म्हणाली, "दहा महिने लय होतात गो."

"हो."

"आणि बारावी?"

"ती एक वर्ष उशिरा देईन."

तिनं मान हलवली. तो होकार नव्हता, पण नकारही नव्हता. घरी येताना मात्र तिनं गाडीत माझा हात धरून ठेवला, जो ती एरवी कधी धरत नसे.

बाबांना पटवणं जास्त अवघड गेलं. रविवारी पहिली शिफ्ट करून ते आले, तेव्हा मी दहा महिन्यांचा अर्ज भरून टेबलावर ठेवला होता. त्यांनी तो उभ्यानंच वाचला. "प्रिन्सिपॉल सरांना विचारलंय मी," ते म्हणाले. "तिकडची शाळा इथं धरणार नाहीत. तुझ्याबरोबरच्या मुली पुढं जातील. लोक विचारतील."

"विचारू देत."

"तुला झेपेल?"

"माहीत नाही, बाबा. पण मला शिकायला जायचंय. मदत करायला जायची माझी अजून तयारी नाही."

ते डबा धुवायला आत गेले. बाहेर आले ते पेन घेऊन, आणि पालकांच्या सहीच्या जागी त्यांनी सही केली.

निवड झाली. ऑगस्टमध्ये मी गेले. पहिले चार महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मुके महिने होते. वर्गात कळायचं निम्मं, बोलता यायचं त्याच्याही निम्मं. इतिहासात मला इतके कमी गुण पडले की मी ते घरी कळवलेच नाहीत. ज्यांच्या घरी राहत होते त्या बाई रोज जेवताना मला एकच प्रश्न विचारायच्या, आज काय केलंस, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत घास हातात धरून थांबायच्या. त्यांच्या त्या थांबण्यानं मी भाषा शिकले. तरी दोनदा तरी मी बॅग काढून पलंगावर ठेवली होती. भरली मात्र नाही.

तिथल्या शाळेत प्रत्येकाला आठवड्यातली एक दुपार कुठंतरी काम करावं लागायचं. मला वृद्धाश्रम मिळाला. भाषा येत नव्हती म्हणून माझ्याकडे रुमालांच्या घड्या घालणं आणि चहाची ट्रॉली ढकलणं एवढंच होतं. खिडकीपाशी बसणारे एक आजोबा माझ्याशी भरभरून बोलायचे. मी हसून मान डोलवायची.

मार्चमध्ये एके दिवशी ते सांगत होते आणि मला समजलं. सगळंच्या सगळं. ते लहान असताना समुद्राचा बांध फुटून त्यांच्या शेतात पाणी शिरलं होतं, गाई गेल्या, आणि पुढं कित्येक वर्षं जमिनीत मीठ राहिलं. मी ट्रॉली सोडून त्यांच्यासमोर बसले. आमच्याकडेही असाच बांध आहे, उधाणाला तो फुटतो, मग भातात खारं पाणी भरतं आणि माझे काका कमरेइतक्या चिखलात उतरून तो पुन्हा घालतात, हे मी त्यांना अडखळत सांगितलं. त्यांनी माती कुठून आणता ते विचारलं. भात पुन्हा कधी येतं ते विचारलं. चहा गार झाला.

निघताना ते म्हणाले, "हीच गोष्ट मी तुला ऑक्टोबरमध्ये सांगितली होती. तू तेव्हाही मान डोलवलीस."

मला कानकोंडं झालं. "तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं," मी म्हणाले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात ये. अजून बरंच आहे."

उरलेल्यातला एकही आठवडा मी चुकवला नाही. सर्दीनं डोकं जड असलं तरी गेले. मे महिन्यात तिथल्या नर्सनं पहिल्यांदा मला एका आजीबाईंना भरवायला सांगितलं. पुढं नर्सिंगला जायचं मी त्या दिवसानंतर ठरवलं.

जूनमध्ये परत आले आणि त्याच कॉलेजात बारावीत बसले. माझ्या मैत्रिणी एव्हाना पेणला आणि पनवेलला पुढच्या कॉलेजात होत्या. वर्गातली सगळी मुलं माझ्यापेक्षा वर्षानं लहान. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीनं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, तू नापास झालीस व्हय?"

"इतिहासात झाले," मी म्हणाले, आणि तिच्याकडून आदल्या तासाची वही मागून घेतली.