ब्रेकबाईंच्या फोनचा निकाल

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, पण नाव पडलं ते त्यामुळे नाही. पहिल्या दिवशी त्या शिकणाऱ्याला गाडी चालवू द्यायच्याच नाहीत, फक्त थांबवायला लावायच्या. "पुढे काय, गाडी आपोआपही जाते," त्या म्हणायच्या. "थांबता आलं की निम्मी गाडी आली." अर्ध्या गावाने त्यांच्याकडून गाडी शिकली होती आणि उरलेलं अर्धं गाव रस्त्यात त्यांची गाडी दिसली की आपणहून वेग कमी करायचं.

त्यांचा फोन मात्र म्हातारा झाला होता. त्याची पाठ फुगून वर आली होती, ती दाबून धरायला बाईंनी भाजीच्या जुडीचं रबर लावलं होतं. चार्जरची वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्जिंग व्हायचं. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिला हे रबर बघवत नसे.

"आई, चारचौघांत काढू नकोस गं तो फोन."

"का? चोरीला जाईल?"

"जाऊ दे तरी."

बाईंचे यजमान छापखान्यातून निवृत्त झालेले. मायलेकींचं असं काही सुरू झालं की ते शब्दकोडं घेऊन बाल्कनीत जायचे. मला यात ओढू नका, एवढंच त्यांचं मत.

फोन फुगला तरी बाईंना फिकीर नव्हती. पण मग त्याने नवीनच खोड काढली. बॅटरी तीस टक्के दिसत असतानाच तो बंद पडायला लागला. आणि त्यातच नर्सताईंची परीक्षा हुकली.

नर्सताई चाळिशीच्या. इस्पितळातली पाळी सोडून घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करायची नोकरी त्यांना मिळत होती, अट एकच, लायसन्स हवं. दोन महिने त्या न चुकता शिकायला येत होत्या. परीक्षेची वेळ बाईंच्या फोनवरच्या ॲपमधून घेतलेली, म्हणून निरोपही बाईंच्याच फोनवर यायचे. आदल्या संध्याकाळी परीक्षेच्या कार्यालयाने दुपारची वेळ सकाळची केली. निरोप आला तेव्हा फोन बाईंच्या पर्समध्ये मेलेला पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी ऐटीत तिथे पोहोचल्या, तर मैदान रिकामं आणि परीक्षक जेवायला गेलेले.

नर्सताई पायरीवर बसल्या आणि रुमालाने उगाच चष्मा पुसत राहिल्या. त्या भांडल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

बाई सरळ खिडकीशी गेल्या. "चूक हिची नाही, माझी आहे. माझा फोन बंद होता. पुढची जवळात जवळची तारीख द्या." खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यालाही गाडी बाईंनीच शिकवली होती. पण त्याने वशिला लावला नाही आणि बाईंनीही मागितला नाही. रद्द झालेली एक जागा पुढच्या आठवड्यात होती, ती मिळाली.

परत येताना नर्सताईंनी गाडी छान चालवली. उतरताना एवढंच म्हणाल्या, "बाई, त्या फोनचं काहीतरी बघा."

"आजच बघते."

मुलीला हे कळलं तेव्हा तिला आतून आनंदच झाला. तिने लगेच नव्या फोनचे फोटो दाखवायला सुरुवात केली. बाईंनी दोन-तीन पाहिले आणि हात वर केला.

"थांब. टायर बसला म्हणून कुणी गाडी विकत नाही. आधी दुखतंय कुठे ते कळू दे. मग ठरवू."

"आणि इंजिनच गेलं असेल तर?"

"तर विकू. मी काय त्याच्याशी लग्न लावलंय?"

बाल्कनीतून यजमान हळूच हसले.

फोन दुरुस्तीचं दुकान लाँड्री आणि चप्पलवाल्याच्या मधल्या बोळकांडीत होतं. दुकान चालवणारी तरुण बाई कपाळावर भिंग लावून बसली होती. तिने रबर काढलं, पाठ उघडली आणि तिचा चेहरा बदलला.

"काकू, हा फोन रात्री कुठे असतो?"

"उशाशी."

"आजपासून नाही. ही बॅटरी पेटू शकते." तिने फुगलेली बॅटरी हलक्या हाताने काढून वाळूच्या डब्यात ठेवली. मग चार्जिंगच्या भोकात बारीक सुई घालून कापसासारखा मळ ओढून काढला. "ही तुमच्या पर्समधली धूळ. याला काहीच झालेलं नाही. बॅटरी बदलली की फोन ठणठणीत."

मुलीचं तोंड उतरलं. पण दुकानदारीणबाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "एक मात्र आधीच सांगते. कंपनीने याला नवीन सॉफ्टवेअर देणं बंद केलंय. शरीर मी नीट करून देईन, पण हळूहळू एकेक ॲप नकार द्यायला लागेल. बँकेचं, सरकारी, असली आधी. ते माझ्या हातात नाही."

"कधीपासून?"

"नाही सांगता येणार. उद्याही होईल, दोन वर्षांनीही."

बाईंनी जुनी गाडी घेताना विचारतात तसे प्रश्न विचारले. बॅटरी कुठली, हमी किती दिवसांची, अशा बॅटऱ्या परत किती येतात. उत्तरं पटली. मग त्या मुलीकडे वळल्या.

"बॅटरी बदलायची. आणि ज्या दिवशी परीक्षेचं ॲप नाही म्हणेल, त्या दिवशी नवीन फोन. वाद नाही, रडारड नाही. चालेल?"

"तू शब्द फिरवशील."

"मी?"

मुलीला आठवून पाहूनही आईने शब्द फिरवल्याचा एकही प्रसंग सापडला नाही.

पण बाईंनी सगळा दोष फोनवर ढकलला नाही. फोन कुठलाही असो, कधीतरी बंद पडणारच. त्या दिवसापासून प्रत्येक शिकवणी सुरू करण्याआधी गाडीत बसूनच त्या निरोप वाचायला लागल्या. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कार्यालयात स्वतः फोन करून वेळ पक्की करायच्या. आणि शिकणाऱ्यांना यजमानांचाही नंबर देऊन टाकला. यजमान कुरकुरले, पण पहिला फोन आला तेव्हा खुर्चीत ताठ बसून, अगदी कार्यालयीन आवाजात बोलले.

पुढच्या आठवड्यात नर्सताई पास झाल्या. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. तिथे भलेभले मागे घसरतात, त्या इंचभरही घसरल्या नाहीत. खाली उतरल्यावर परीक्षकाच्या देखत त्यांनी बाईंना मिठी मारली. नोकरी मिळाली. आता त्यांची छोटी पांढरी गाडी गावात सगळीकडे दिसते.

फोनही उत्तम चालला. रबर गेलं. मुलीने टोमणे मारणं सोडून दिलं, कारण मारायला जागाच उरली नव्हती. असे बरेच महिने गेले. मग एका सकाळी बाई एका शिकणाऱ्यासाठी वेळ घ्यायला बसल्या, तर परीक्षेच्या ॲपने कळवलं की यापुढे ते या फोनवर चालणार नाही. बाईंनी एकदा पुन्हा उघडून पाहिलं. मग चहा संपवला आणि मुलीला फोन लावला.

"दुपारी सुटी मिळेल का? फोन घ्यायचाय."

"बंद पडला?"

"नाही गं, छान चाललाय. ॲप नाही म्हणालं."

"आणि तू लगेच निघालीस?"

"ठरलं होतं ना आपलं."

मोठ्या दुकानातला विक्रेता उत्साही होता. त्याने सगळ्यात चकचकीत फोन पुढे केला. "मॅडम, यात चंद्राचा फोटो येतो. खड्डेसुद्धा दिसतात."

"खड्डे मला रोज दिसतात. भर उन्हात अक्षरं दिसतात का ते दाखवा."

बाई फोन घेऊन दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. विक्रेता घाबरून मागे धावला. मग त्यांनी विचारलं, याला सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, आणि बॅटरी बदलता येते का. त्याला आत जाऊन विचारून यावं लागलं. शेवटी त्यांनी मधल्या फळीवरचा एक जाडसर, साधा फोन घेतला. मुलीलाही मनातून तोच पटला होता.

जुना फोन यजमानांनी मागून घेतला. त्यावर बुद्धिबळ खेळता येतं हे त्यांना केव्हाचं ठाऊक होतं, फक्त ते बोलले नव्हते. बाईंनी बजावलं, "उशाशी ठेवायचा नाही."

संध्याकाळी मुलगी नव्या फोनमध्ये नंबर भरायला बसली. यादी बघून तिने कपाळाला हात लावला. बाईंनी कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.

"आई, हा 'आरसा न बघणारा' कोण?"

"बँकेतला. आता बघतो."

"आणि 'डावं-उजवं'?"

"ती तुझी आत्या."

मुलगी हसून हसून आडवी झाली. "यातले निम्मे पुसून टाकू का? शिकून गेले ना ते."

"एकही पुसायचा नाही."

"हा 'गोगलगाय' तरी?"

"तो तर मुळीच नाही," ब्रेकबाई म्हणाल्या. "तो आता रुग्णवाहिका चालवतो."