दुखलं की घेईन

आमच्या ह्यांचं हृदय फार सोशिक. रक्त कमी पडलं तरी हूं की चूं करायचं नाही. कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीत छातीला तारा लावून त्यांना चालत्या पट्ट्यावर चढवलं, तेव्हा कागदावरच्या रेघा बिघडल्या आणि हे म्हणे शीळ घालत चालत होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, की दुखत नाही म्हणजे धोका टळला असं नाही. न दुखताही झटका येतो. रोज गोळ्या घेतल्या, विड्या सोडल्या, तर माणूस पुष्कळ वर्षं काढू शकतो. ह्यांनी त्यातलं 'पुष्कळ वर्षं' तेवढं ऐकलं आणि बोईसरला उतरल्या उतरल्या विडी पेटवली.

सरावलीच्या आमच्या चाळीत आजाऱ्याला मान असे, पण तो कण्हला तर. ह्यांना बघायला आलेली मंडळी 'दुखत नाही' हे ऐकून चहा पिऊन हिरमुसली होऊन परतली. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी तर डॉक्टरांना दुसरा उद्योग नाही, असा निकालच दिला. मी दर महिन्याला पालघरहून गोळ्या आणायची आणि त्या वेळेवर संपतात म्हणून खूश असायची.

एक दिवस सातपाटीची मासेवाली मावशी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "वहिनी, दादांची ती छातीची गोळी मला नको आता. घेतली की डोकं लय ठणकते."

मग उलगडा झाला. आमच्या घरी धर्मादाय दवाखाना चालू होता. ह्यांच्या मते गोळी दुखण्यावर असते, दुखलं की घ्यायची. आपलं तर दुखत नाही, मग वाया का घालवा? म्हणून कारखान्यात ज्याच्या छातीत जळजळेल त्याला एक, मावशीला दोन. स्वतः आठ महिन्यांत एकही घेतली नव्हती. असा दानशूर नवरा मिळायला भाग्य लागतं.

मी भांडले नाही. देवापुढे बसले आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देवा, ह्यांच्या छातीत एकदा चांगली कळ येऊ दे."

मला ते खरंच हवं होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मला रडू आवरेना.

हे माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "दुखत असतं तर निदान कळलं तरी असतं गं. रोज गोळी घ्यायची म्हणजे रोज ते आठवायचं."

इतकी वर्षं संसार करून, ह्यांनाही भीती वाटते हे मला तेव्हा कळलं. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत तिथून हलले नाही.