बुतांवकाकांचा ठेवलेला फोन

घरात नवी वस्तू आली की बुतांवकाका आधी तिच्यावरून हात फिरवायचे, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. बोटाला काही उंचवटा लागला, दाबल्यावर तो आत गेला आणि ‘टक’ झालं, की वस्तू पास. नाही लागला तर तिचा निकाल तिथल्या तिथे. “बुतांव नाय. म्हणजे मनात काय आहे ते हिला सांगायचं नाय,” असं म्हणून ते तिच्याकडे पाठ करून बसायचे. माणसांशी ते इतकं कडक कधी वागले नाहीत.

मी दोडामार्गकडची. आमच्याकडे बुतांव म्हणजे सदऱ्याचं बटण. माझे यजमान पाळीच्या खाणीवर टिप्पर चालवायला लागले, तेव्हा आम्ही गोव्यात नार्व्याला काकांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पडवीत मी शिवणाचं मशीन मांडलं. थोड्याच दिवसांत काका दारात उभे. “बाय, बुतांव मेळत नाय गो.” मी लगेच बटणांचा डबा काढला, पांढरं हवं की काळं विचारलं, चार भोकांची दाखवली, दोन भोकांची दाखवली. ते बिचारे गप्प बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “ह्याने शेगडी पेटेल?” मुलीने घेऊन दिलेल्या विजेच्या काचेच्या शेगडीवर त्यांना बटण सापडत नव्हतं. मी जाऊन काचेवर बोट टेकवलं, पेटली. माझ्या नणंदेकडे तसलीच होती म्हणून जमलं, नाहीतर मीही पंगतीतच बसले असते. तेव्हापासून ते माझे बुतांवकाका. तोंडावरही तेच म्हणायचे मी, आणि त्यांना ते आवडायचं.

काका खाणीच्या हापिसात कारकून होते आणि मी राहायला आले तोवर निवृत्त झाले होते. काकी त्याआधीच गेलेल्या. एकुलती एक मुलगी निला, ती आयर्लंडमध्ये नर्स. काकींच्या आजारपणात ती नोकरी सोडून आली होती आणि नंतर पुन्हा तिथे पाय रोवायला तिला फार जड गेलं. काकांनी मनाशी गाठ मारली होती की आपल्यासाठी हे दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही. आपण एकटे पडलोय अशी नुसती शंका आली तरी पोरगी बॅग भरून येईल, हे ते ओळखून होते. म्हणून निलासमोर त्यांचं घर नेहमी भरलेलं असायचं.

तिची माया वस्तूंमधून बाहेर पडायची. सुट्टीला आली की काहीतरी घेऊन ठेवून जायची आणि ती गेली की काका त्या वस्तूशी भांडायला मोकळे. कपडे धुवायचं मशीन काम संपलं की एक सूर वाजवायचं. काका म्हणायचे, “काम केलं म्हणून गाणं म्हणतं. मी हापिसात इतकी वर्षं खर्डेघाशी केली, एकदा तरी गायलो?” टीव्हीला दोन रिमोट. एकाने चित्र, दुसऱ्याने आवाज, आणि कुठल्याने काय हे रोज नव्याने ठरायचं. काकांनी एकाला दोरा बांधला, मग कुठल्याला बांधला होता तेच विसरले, म्हणून दुसऱ्यालाही बांधला. मी हसले तर म्हणाले, “हस गो. बनवणाऱ्याच्या घरी बापूस नसणार. असता तर एकच केला असता.”

फोनवर तर त्यांचा विशेष राग. निलाने सोपं जावं म्हणून तो मराठीत करून दिला होता, तिथेच घोळ झाला. काही पुसायला जावं तर फोन विचारायचा, तुम्हाला खात्री आहे का. “खात्री असती तर तुझ्या नादाला लागलो असतो?” असं काका त्याला खरोखर उत्तर द्यायचे. एका सकाळी उठून बघतात तर फोनने आपणहून स्वतःला नवं करून घेतलेलं आणि सगळी चित्रं जागा सोडून बसलेली. दिवसभर धुमसत होते. “आपण झोपलेलो असताना कोणी येऊन रांधपाच्या खोलीतले डबे हलवून ठेवले तर त्याला काय म्हणशील? चोर तरी बरा, तो नेतो. हा ठेवतो आणि शोधायला लावतो.” मी त्यांचीच बाजू घेतली, कारण त्या दिवशी माझाही फोन तसाच झाला होता.

सगळ्यात मोठं भांडण एका लाल गोळ्याशी होतं. बोलणं संपलं की दाबायचा तो. त्याच्याखाली लिहिलेलं, ‘कॉल समाप्त करा.’ पहिल्यांदा त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि बोट मागे घेतलं. “समाप्त माणूस होतो बाय. मुलीशी बोलणं समाप्त कसं करायचं?” मी म्हटलं, अहो काका, नुसता कट करायचा. तर म्हणाले, “कट म्हणजे कापणं. त्याहून वाईट.” जुना काळा फोन होता तेव्हा रिसीव्हर जागेवर ठेवला की काम व्हायचं, आपण म्हणतोच ना, फोन ठेवला. काकांनी तोच शब्द धरला. निलाशी बोलून झालं की “ठेवतो हां,” म्हणायचे आणि फोन मेजावर अलगद पालथा घालायचे. झाला ठेवून. पलीकडची माणसं आपापल्या बाजूने बंद करतच असतात, म्हणून यात काही चुकतंय असं त्यांना कधी कळलं नाही, आणि मीही त्या फंदात पडले नाही.

निलाची रात्रपाळी. ती संपवून ती घरी पोहोचायची तेव्हा इथे काकांची दुपारची पेज व्हायची असे. त्याच वेळेला रोज फोन. पडवीत पाय मशीनवर आणि कान आत, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. “आताच उठून गेली मंडळी. पत्ते खेळत होतो… बाय जेवण आणून देते, मीच नको म्हणतो… काल देवळाकडे बसलो होतो सगळे, उशीर झाला यायला.” यातलं जेवणाचं एवढं अधूनमधून खरं होतं, तेही एखाद्या वाटीपुरतं. बाकी मंडळी कुठली आणि पत्ते कुठले. खाणी बंद पडल्यावर वाड्यावरची निम्मी दारं लागली होती. माझे यजमानही कोल्हापूरकडे ट्रकवर गेले आणि महिन्यातून कधीतरी यायला लागले. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की काकांच्या दारात पुन्हा माणूस दिसायचा तो दुसऱ्या दिवशी पोदेरच. मी भिंतीपलीकडे होते, पण मलाही माझं घर खायला उठायचं. दोन एकटी माणसं शेजारी राहिली म्हणून सोबत होतेच असं नाही. एकाने दुसऱ्याला आपलं रडं कसं दाखवायचं, यातच दिवस जातात.

फोन ठेवला की काका बोलायला लागायचे. आधी मला वाटायचं वस्तूंना शिव्या घालताहेत. मग कळलं, गप्पा मारताहेत. फ्रिजला विचारायचे, “काय रे, आज कोण आलं नाय?” मिक्सरला म्हणायचे, “ओरड बाबा, घरात तेवढाच आवाज.” पेज जेवताना काकींना सांगत बसायचे की आज निलू दमलेली वाटली, पण मी तिला काय कळू दिलं नाय हां. मला ते ऐकवायचं नाही. मी मशीन जोरात चालवायचे.

एकदा त्यांचा शिवलेला सदरा द्यायला मी आत गेले. काकांनी नुकताच फोन ठेवला होता, नेहमीसारखा पालथा. सदरा अंगाला लावून बघताना त्यांना सटासट शिंका आल्या. आणि मेज बोललं, “बाबा, काल भिजलात ना? गोळी घ्या.”

काकांच्या हातातला सदरा खाली पडला. आम्ही दोघांनी फोनकडे बघितलं. काकांनी तो उलटा केला, वर निलाचं नाव, खाली तो लाल गोळा. मग काका म्हणाले, “तू अजून हंय कशी? मी ठेवला ना.”

“तुम्ही नुसता मेजावर ठेवता बाबा. तो चालूच असतो.”

“रोज?”

“रोज.”

काका कदेलीत, त्यांच्या खुर्चीत, बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. इतक्या मेहनतीने रचलेले पत्त्यांचे डाव, देवळाकडची बैठक, सगळी मंडळी, आणि त्यानंतरचं फ्रिजशी बोलणं, काकींना सांगितलेलं, सगळंच पोरीने ऐकलं होतं. “चोरून ऐकतेस गो?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. निला रडत होती. म्हणाली, “ड्युटीवरून आले की खोलीत नुसतं मी आणि भिंती. तुमची भांडी वाजतात, कढत पेज फुंकता ते ऐकू येतं, मग मला झोप लागते. सांगितलं असतं तर तुम्ही कट करायला शिकला असता.”

मी सदरा उचलून कदेलीच्या पाठीवर टाकला आणि बाहेर आले. आणखी थांबले असते तर मीही रडले असते.

दोन दिवस काकांनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला. मी मशीन थांबवलं, हो, मुद्दाम थांबवलं, मला कोणी काही म्हणो. काका म्हणत होते, “निलू, घर खूप मोठं आहे गो. दुपार सरत नाय. पण तू येऊ नको. नोकरी सोडलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाय, सांगून ठेवतो.” पलीकडून ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. मग काकांचा आवाज आला, “बरं, मग झोप. ठेवतो हां.” आणि फोन मेजावर ठेवल्याचा आवाज.

त्यानंतर मंडळी आणि पत्ते बंद झाले. काका आता फ्रिजशी बोलायचे नाहीत, मेजाशी बोलायचे. तेही फार नाही, निला झोपलेली असायची ना. “फोडणी घालतो, दचकू नको,” असं हळू आवाजात सांगायचे. मिक्सर तर त्या वेळात लावायचेच नाहीत. ओली भांडी फडक्यावर एकेक करून ठेवायचे, पण अगदीच गुपचूप नाही, थोडा आवाज राहील अशी. त्यांचा एकटेपणा संपला असं मी म्हणणार नाही. फोन बंद पडला की घर पुन्हा तेवढंच मोठं व्हायचं, आणि संध्याकाळी ते पायरीवर बसून रस्त्याकडे बघायचे ते बघायचेच.

एका दुपारी मी काज करत होते आणि माझा फोन वाजला. निला होती, तिच्या दुसऱ्या फोनवरून. आवाज घाबरलेला. “वयनी, जरा बाबांकडे बघा. मला जाग आली. काही वाजत नाहीये तिथे.”

काका कदेलीत होते, मान मेजावर टेकलेली, हात पुढे पसरलेला. पेज तशीच होती. मी हाक मारली, हात लावला, आणि मला कळलं. तिला कसं सांगितलं ते मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं. मग ती म्हणाली, “मेजावरचा फोन कट करू नका वयनी. मी बोलणार नाही. इथून निघेपर्यंत असू दे.”

मी त्याला चार्जर लावला आणि होता तसा पालथा ठेवला. शेजारपाजाऱ्यांना हाका मारल्या. डॉक्टर येऊन गेले. वाड्यावरची ज्यांची दारं उघडी होती ती सगळी आली. काकांच्या घरात इतकी माणसं मी कधी बघितली नव्हती. फोंड्याहून त्यांचे एक चुलतभाऊ आले, ते बरीच वर्षं इकडे फिरकले नव्हते. काकांना खाली निजवलेलं, डोक्याशी दिवा लावलेला. चुलतभावांनी टोपी काढली, सगळ्यांकडे बघितलं आणि मोठ्याने उसासा टाकून म्हणाले, “कसलं हे मरण. एकटाच गेला बिचारा. शेवटाला जवळ कोण नाय.”

बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. तेवढ्यात मेजावरून आवाज आला, बसलेला, पण स्वच्छ.

“एकटे नव्हते ते, काका. मी होते.”