सूर्याभोवतीचं कडं आणि स्टेला वोयनार

स्टेला वोयनार आमच्या क्लीव्हलंडच्या कारखान्यात बेअरिंगची कडी लेथवर कातायची. दोन माणसांच्या वजनाचं कडं यंत्रावर चढवायचं, फिरवून मापाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत बरोबर मध्यावर आणायचं. एकवीस वर्षं हेच.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती वाचनालयाच्या तळघरात अंतराळ मंडळाला जायची. तिथला नियम असा, की खडू ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. खडू फक्त कॉलेज शिकलेल्यांना मिळायचा. स्टेलाकडे कॉफी आणि केक! अकरा वर्षं तिला तो खडू हवा होता. मी युनियनचा माणूस, भांडायला निघालो. म्हणाली, "तू गप बस. तू आलास की टेबलं उलटतात."

चौऱ्याहत्तर साली मंडळानं सूर्याभोवती कडं बांधायचं ठरवलं. पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब, तितकंच लांब कडं. माणसं आतल्या बाजूला राहणार आणि पाय जमिनीला टेकावेत म्हणून कडं नऊ दिवसांत एक फेरी मारणार. अध्यक्ष हॅरल्ड प्रुइट, धंद्यानं दातांचा डॉक्टर. इतक्या वेगात न तुटणारा धातू अजून सापडलेला नव्हता, पण कड्यावर तळी कुठं खोदायची यावरून दोघा सभासदांचं बोलणं बंद झालं होतं. कड्याचा नकाशा सोमवारी छापायला जायचा होता.

स्टेलानं विचारलं, "ते कडं मध्यावर कोण धरणार?"

"स्टेला, खडू!" हॅरल्डनं टोकलं.

"द्या की मग."

"अगं, सूर्यच धरतो. चारी बाजूंनी सारखा ओढतो ना! कॉफी बघ जरा."

कॉफी तशीच उकळत ठेवून ती केकचं काचेचं भांडं पाणी भरून घेऊन आली. पिशवीतून बुचांवर बसवलेलं लोखंडी कडं काढून पाण्यात सोडलं. मधोमध एका कपावर लोहचुंबक ठेवला.

"हा तुमचा सूर्य."

कडं क्षणभर थांबलं. मग जरासं सरकलं, आणखी सरकलं आणि टक्कन चुंबकाला चिकटलं.

"जी बाजू जवळ येते, तीच जास्त ओढली जाते. झाली तुमच्या तळ्यांची वाफ!"

"भांडं तिरकं असेल," एकजण म्हणाला. मग नऊच्या नऊ जणांनी करून पाहिलं. नऊ वेळा टक्कन. हॅरल्डचा टाय पाण्यात बुडाला. त्यानं तो पिळला, खिशात हात घातला आणि खडू पुढं केला.

स्टेलानं फळ्यावर कड्याच्या काठानं इंजिनं काढली. "ही सारखी ढकलत राहायची. काट्यावर नजर ठेवायला माणूस हवा. तीन पाळ्या. जेवणाची सुट्टी धरून." हे शेवटचं माझ्याकडून शिकली असणार!

"नकाशा बदलू," हॅरल्ड कुरकुरला. "पण पुढच्या महिन्यात केक आणशील ना?"

स्टेलानं खडू बोटात फिरवला. "खडू कुणाच्या हातात आहे, हॅरल्ड? मग तू कसा बोलतोयस?"