थडग्याचं मागचं दार

वर्तकनगरात एक कुजबूज होती, की कुंडलिक दर रविवारी दुपारी दार लावून मुडदे उठवतो.

ही बातमी मंजुळाबाईंची, म्हणजे खात्रीची. त्या भिंतीपलीकडे राहायच्या, आणि भिंतीला कान लावायला त्यांना वेगळं निमित्त लागत नसे. त्यांनी स्वतः ऐकलेलं. एक जण म्हणाला, "थडग्याला हात नको लावू रे, आत राजा झोपलाय." दुसरा म्हणाला, "लावणार! उठला तर बघून घेऊ." मग काहीतरी खुळखुळलं. आणि मग कुंडलिकचा खोल गेलेला आवाज, "उठला." त्यावर जी किंकाळी आली, ती ऐकून मंजुळाबाईंच्या हातातलं पोह्यांचं ताट पालथं झालं. निदान त्या तरी तसं सांगत. ताटात दर खेपेला वेगळा पदार्थ असे, ते सोडा.

कुंडलिक मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. नाकासमोर चालणारा, सुपारीचंही व्यसन नाही. सत्त्याऐंशी साली डोंबिवलीच्या एका रद्दीवाल्याकडे परदेशी रद्दीच्या गठ्ठ्यात त्याला एक पातळ इंग्रजी पुस्तक मिळालं. आत निळ्या शाईत एका थडग्याचा नकाशा, प्रत्येक खोलीला आकडा, आणि आकड्याप्रमाणे त्या खोलीत काय आहे त्याचं वर्णन. त्याला वाटलं कादंबरी आहे. डिक्शनरी घेऊन महिनाभर झगडला, तरी हिरो काही सापडेना. मग उजेड पडला, की हिरोची जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय. एकाने पुस्तक धरून गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या थडग्यात शिरायचं.

खेळाला वीस बाजूंचा फासा हवा होता. तो वर्तकनगरात कुठला मिळायला? त्याने हौजीच्या एक ते वीस सोंगट्या आईच्या बटव्यात भरल्या. आकडा मोठा निघाला तर वाचलात, छोटा निघाला तर तुमचं तुम्ही बघा.

चेंदणी कोळीवाड्यातला चंदू आणि पोस्टातला रघु हे त्याचे गडी. व्हिडिओ गेमची दुकानं आली, केबल आली, हे तिघे आपले त्याच थडग्यात. कारण पुस्तक तेच, पण गोष्ट दर वेळी वेगळी. कधी दारातच मेले, कधी पहारेकऱ्याला ताडी पाजून आत गेले. एकदा तर चंदूने राजाच्या भुताला सुकट विकली.

हे सगळं ठीक होतं, पण ब्याण्णव साली कुंडलिकचं लग्न ठरलं, कळव्याच्या हेमाशी. पोरगी त्याला मनापासून आवडलेली. आणि तिचे वडील सखाराम म्हणजे विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष! मंजुळाबाईंची बातमी खाडी ओलांडून त्यांच्यापर्यंत गेली नसती तरच नवल. पुढच्याच रविवारी ते दारात हजर.

"जय भीम, मामा," कुंडलिक कसाबसा म्हणाला. रघु पुस्तक गादीखाली सारायला लागला.

"लपवलंस तर लग्न मोडलं समज," चंदू रघुच्या कानाशी कुजबुजला.

सखाराम बसले नाहीत. "माझ्या बापाने छप्पन साली देव्हारा उचलून खाडीत सोडला, तो काय जावयाने घरात भुतं आणावीत म्हणून? कुंडलिकराव, उठवा तुमचा मुडदा. माझ्यासमोर उठवा. नाहीतर हेमाला विसरा."

कुंडलिकने रघुला बाजूला सारलं. त्याने पुस्तक उघडलं. "मामा, तुम्ही एका दगडी दारासमोर उभे आहात. दारावर लिहिलंय, आत येईल तो जिवंत परतणार नाही."

"कोणी लिहिलंय?"

"अं?"

"अहो, अक्षरं आपोआप उगवतात का? कोणी लिहिलंय?"

हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. पुस्तकात उत्तर नव्हतं. कुंडलिक चाचरत म्हणाला, "पुजाऱ्यांनी... असेल."

"वाटलंच!" सखारामांनी चप्पल काढली आणि बसले. "म्हणजे आत भूतबीत नाही, माल आहे. आणि पुजाऱ्यांना जायला-यायला मागून दार असणार. शोधा."

"काका, नकाशात मागे दार नाहीये," रघु म्हणाला.

"तू गप रे. नकाशा काय ते सांगणारेय?"

कुंडलिकने बटवा पुढे केला. "पंधराच्या वर आलं, तर सापडेल." सखारामांनी हात घातला. एकोणीस! कुंडलिकने एकवार नकाशाकडे पाहिलं, एकवार होणाऱ्या सासऱ्याकडे, आणि बेधडक म्हणाला, "सापडलं."

आत राजाचं भूत होतं, पण पांढऱ्या चादरीतलं. सखारामांनी ती चादर ओढली, खालचा पुजारी गयावया करू लागला, आणि सखाराम असे हसले की मंजुळाबाई पलीकडून भिंत ठोकायला लागल्या.

निघताना त्यांनी चप्पल घातली. "हेमाला सांगतो, पोरगा ठीक आहे. तारीख तीच." मग दारातून वळून, "आणि थडग्यातली ती डावीकडची खोली बघायची राहिलीय, तिथे माझ्याशिवाय शिरायचं नाही. पुढच्या रविवारी येतो."

दार लागलं तसा कुंडलिक भिंतीला टेकून खाली बसला. चंदूने पाणी आणलं, ते त्याने अर्धं प्यायलं आणि अर्धं डोक्यावर ओतलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. पुस्तकाची पानं सुटली, हेमाने ती दोऱ्याने शिवली, आणि सखाराम शेवटपर्यंत येत राहिले.

त्या खोलीत कधीच कोणी मुडदा उठवला नाही. तिथे काही माणसं रद्दीतल्या एका पुस्तकावरून खेळ खेळत होती.